रात्री साडेअकराची भूक

"अरे, मॅगी टाकतोय. तुझी किती? एक की दोन?"

हॉस्टेलवर राहिलेल्या कुणालाही हे वाक्य नवीन नाही. रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात. उद्या सबमिशन असतं. जर्नलमधली चार प्रॅक्टिकल्स अजून उतरवायची असतात, ज्याचं जर्नल आणलंय तो दर दहा मिनिटांनी "झालं का रे?" म्हणून डोकावून जात असतो, आणि नेमका अशाच वेळी शेजारच्या रूममधून तो मसाल्याचा वास येतो. (हॉस्टेलच्या नियमाप्रमाणे रूममध्ये किटली ठेवायला बंदी आहे. तेव्हा रेक्टर सरांनी हा वास खिडकीतून आला असं समजावं!)

या प्रश्नाला "नको" म्हणणाऱ्यांपैकी मी कधीच नव्हतो. मी "दोन" म्हणणाऱ्यांपैकी. त्यामुळे सुरुवातीलाच सांगून टाकतो, हा लेख कुणा डाएटवाल्याचा नाही. सकाळी साडेपाचला उठून ग्राउंडला राउंड मारणारी जी चार मुलं आपल्या हॉस्टेलमध्ये आहेत, त्यांच्यातलाही मी नाही. पण गेल्या वर्षभरात या विषयावर माझं एक मत बनलंय. रात्री आपल्याला चमचमीत खावंसं वाटतं, त्यात आपल्या मनाच्या कमजोरीचा वाटा थोडा आणि आपल्या वेळापत्रकाचा वाटा फार मोठा आहे. आणि मन बदलण्यापेक्षा वेळापत्रक बदलणं सोपं असतं. हे मत कसं बनलं ते सांगतो. पटलं तर घ्या, नाहीतर पान उलटा, पुढे चारोळ्या आहेतच!

तर झालं असं. गेल्या वर्षी एनएसएसचं रक्तदान शिबिर होतं. मी मोठ्या रुबाबात जाऊन बसलो. वजन ८१ किलो, खांदे रुंद, आवाज मोठा. रक्त माझ्याकडे नसेल तर कुणाकडे असणार? तिथल्या ताईंनी बोटाला सुई टोचली, मशीनकडे बघितलं, परत बघितलं आणि म्हणाल्या, "दादा, ११.८ आहे. द्यायला साडेबारा तरी लागतं. एवढी तब्येत, आणि रक्त कुठंय? जेवता का नीट?"

मागच्या रांगेत अख्खं सेकंड इयर उभं होतं. त्यांना पुढचे पंधरा दिवस पुरेल एवढा विषय मिळाला.

मला मात्र तो आकडा डोक्यातून जाईना. खातो तर मी चिक्कार. मग हे कसं? गावाकडच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तपासण्या केल्या, दुसरं काही निघालं नाही, लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि जाता जाता म्हणाले, "पंधरा दिवस जे जे तोंडात जाईल ते ते वेळेसकट लिहून आण. खोटं लिहू नकोस, मला कळतं."

इंजिनिअरिंगच्या पोराला रीडिंग घ्यायला सांगितली की तो खोटी लिहिणार, हे त्यांना माहीत असावं! पण मी ती खरी घेतली. एका जुन्या जर्नलच्या मागच्या पानांवर दोन आठवडे सगळं लिहिलं. आणि ते वाचून माझी मलाच लाज वाटली.

माझा दिवस साधारण असा होता. मेसचा नाश्ता साडेसात ते पावणेनऊ. मी उठायचो आठ पन्नासला. पहिलं लेक्चर नऊचं. म्हणजे नाश्ता गेला. पावणेअकराच्या सुट्टीत टपरीवर चहा आणि क्रीमरोल. दुपारी मेसमध्ये दोन चपात्या, भाजी आवडली तर भाजी, नाहीतर लोणचं आणि भात. पाच वाजता प्रॅक्टिकल सुटलं की भूक इतकी, की दोन वडापाव उभ्या उभ्या. त्यामुळे आठ वाजता मेसमध्ये गेलो तरी पोट भरलेलं. एक चपाती, थोडं वरण, "काका, आज नको जास्त." मग साडेअकराला मॅगी, एक वाजता चहा-बिस्किट, आणि मॅच किंवा सिनेमा चालू असेल तर चिप्सचं मोठं पाकीट. झोपायला दोन-अडीच. उठायला आठ पन्नास.

दोन आठवड्यांत "गरज नव्हती, पण राहवलं नाही म्हणून खाल्लं" अशा एकूण १९ नोंदी झाल्या होत्या. त्यातल्या १३ रात्री अकरा ते दोनच्या मधल्या. आणि ज्या तीन दिवशी मी चुकून वेळेवर उठून पोहे किंवा उपमा खाल्ला होता, त्या तिन्ही दिवशी पाचचे वडापाव नव्हते आणि रात्रीचं जेवणही पोटभर होतं.

आपल्या इलेक्ट्रिकलवाल्यांना लोड कर्व्ह माहीत असतो. दिवसभरात विजेची मागणी कधी किती, त्याचा आलेख. मी माझ्या भुकेचा तसा आलेख काढला. मागणीचं शिखर रात्री अकरा ते दोन. आणि मेसचा पुरवठा रात्री साडेआठला बंद! मग मधल्या काळात जो कोणी पुरवठा करेल त्याच्याकडे मागणी जाणार. त्या वेळी गेटबाहेरचा भुर्जीवाला, मोबाइलवरून मागवलेला बर्गर आणि रूममधली मॅगी एवढेच पर्याय हजर असतात. यात मनाची कमजोरी कुठे आली?

अर्थात हे शहाणपण नंतरचं. त्याआधी मीही सगळ्यांसारखा निश्चय करून बघितला होता. खरं सांगायचं तर जंक फूड मी आजवर चार वेळा कायमचं सोडलेलं आहे. एकदा १ जानेवारीला. एकदा एका सोमवारी. एकदा रूममेटशी पैज लावून (हरलो, आणि पार्टी म्हणून त्याला पिझ्झा द्यावा लागला, त्यातले तीन तुकडे मीच खाल्ले). चौथ्यांदा त्या शिबिरानंतर. हा चौथा निश्चय नऊ दिवस टिकला. दहाव्या दिवशी एम-थ्रीचा पेपर अवघड गेला आणि मी गेटबाहेर जाऊन तीन वडापाव, एक भुर्जीपाव आणि वर एक कोल्ड्रिंक असं सगळं एका बैठकीत संपवलं. भुर्जीवाले मामा म्हणाले, "कशाचा उपवास होता रे?"

मामांचं बरोबर होतं. पूर्ण बंदी घातली की तो उपवासच होतो, आणि उपवास सोडताना माणूस दुप्पट खातो. शिवाय खाऊन झाल्यावर अपराधी वाटतं ते वेगळंच. "आता मोडलाच आहे नियम, तर उद्यापासून बघू" असं म्हणत तो 'उद्या' पुढे तीन महिने येत नाही.

आता कुणी म्हणेल, तुला निमित्त पाहिजे, म्हणून वेळापत्रकाला दोष देतोस. पण ही गोष्ट फक्त माझ्या जर्नलमधली नाही. २००४ साली अमेरिकेत, शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी १२ निरोगी तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं आणि दुसऱ्या वेळी दोन रात्री दहा-दहा तास. झोप कमी झाली तेव्हा भूक लावणारं घ्रेलिन हे संप्रेरक २८ टक्क्यांनी जास्त आणि पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी कमी भरलं. आणि त्या मुलांना जास्त खावंसं वाटलं ते मुख्यतः गोड, खारट आणि पिठूळ पदार्थ! म्हणजे सबमिशनच्या आठवड्यात आपल्याला चिप्स आठवतात, तेव्हा आपलं शरीर ठरलेल्या रीतीनेच वागत असतं.

दुसरा प्रयोग २०१९ सालचा, तोही अमेरिकेतला. २० माणसांना सरकारी संशोधन रुग्णालयात महिनाभर ठेवून दोन आठवडे कारखान्यात तयार होणारे पाकीटबंद पदार्थ दिले आणि दोन आठवडे साधं, ताजं शिजवलेलं अन्न. दोन्हीकडे ताटात वाढलेल्या कॅलरी, साखर, मीठ, फॅट सारखं ठेवलं आणि सांगितलं, हवं तेवढं खा. पाकीटबंद पदार्थांच्या आठवड्यांत माणसं दिवसाला सरासरी ५०० कॅलरी जास्त खात होती, भराभर खात होती आणि दोन आठवड्यांत त्यांचं वजन सुमारे एक किलोने वाढलं. साध्या अन्नाच्या दोन आठवड्यांत जवळपास तेवढंच कमी झालं. माणसं तीच होती. त्यांचा निश्चय दोन आठवड्यांत बदलला नव्हता, समोरचं ताट बदललं होतं.

आणि आपल्या मातीतलं उदाहरण हवं असेल तर वडापावच घ्या. १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांच्या गाडीवर तो सुरू झाला असं सांगतात. तो पोटभर खाल्ला कुणी? गिरणी कामगारांनी आणि लोकल पकडणाऱ्या चाकरमान्यांनी. बसून जेवायला वेळ नाही, खिशात पैसे थोडे, आणि पुढची पाळी तोंडावर आलेली. वडापाव ही त्या वेळापत्रकाची गरज होती. आपलंही तेच आहे. फरक एवढाच की गिरणी कामगार दिवसभर उभा राहून काम करायचा आणि आपण दिवसभर बसून पीपीटी बघतो.

वडापाव वाईट आहे असं मी म्हणत नाही, कृपया कुणी गैरसमज करून घेऊ नये! गरम तेलातून काढलेला वडा, सुकी लसणाची चटणी आणि तळलेली मिरची याला मी आजही नमस्कार करतो. प्रश्न वडापावचा नाही, तो जेवणाची जागा घेतो त्याचा आहे. आठवड्यातून एकदा मजा म्हणून खाल्लेला वडापाव आणि रोज पाच वाजता दुसरं काही नाही म्हणून गिळलेले दोन वडापाव यात फरक आहे. माझं ११.८ त्या दुसऱ्या प्रकारातून आलं होतं. पोट रोज भरत होतं, पण डाळ, उसळ, पालेभाजी, अंडी, फळं यांच्यासाठी पोटात जागाच उरत नव्हती. वर प्रत्येक खाण्यानंतर कटिंग. जेवणाला लागून चहा घेतला तर अन्नातलं लोह अंगी नीट लागत नाही, हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं.

अशा वेळी मोठ्या लोकांचा नेहमीचा उपाय म्हणजे बंदी. यूजीसीने नोव्हेंबर २०१६ मध्ये आणि पुन्हा ऑगस्ट २०१८ मध्ये विद्यापीठांना कळवलं होतं की कॅम्पसवर जंक फूड विकू नये. हेतू चांगलाच होता. पण कॅन्टीनमधून चिप्स आणि कोल्ड्रिंक हलवून उपयोग काय, जर त्याच दरात, त्याच वेळी दुसरं काही मिळणार नसेल? गेटपासून पन्नास पावलांवर टपरी आहे, आणि तिथे जायला नको असेल तर मोबाइल आहे. मी घातलेली बंदी नऊ दिवस टिकली. कॅम्पसवरची पन्नास पावलं टिकते!

शिवाय गेटबाहेर जाण्याची सोय सगळ्यांना नाही, हे माझ्या लक्षात आणून दिलं आमच्या वर्गातल्या एका मैत्रिणीने. मी माझा लोड कर्व्ह तिला मोठ्या कौतुकाने दाखवला तर ती म्हणाली, "तुम्हाला निदान भुर्जीवाला तरी आहे. आमचं गेट साडेनऊला बंद. आम्ही बिस्किटं आणि फरसाण खाऊन जर्नलं लिहितो." मी गप्पच झालो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये आणि २५ टक्के पुरुषांमध्ये रक्त कमी आढळलं होतं. आमच्या त्या शिबिरातून परत पाठवलेल्यांची रांग आठवून बघा, त्यात मुली किती होत्या!

आता मी स्वतः काय केलं ते सांगतो. फार मोठं काही नाही, पण चार गोष्टी टिकल्या, आणि टिकल्या म्हणून सांगतो.

पहिली, नाश्ता. वीस मिनिटं आधी उठायचं, बस. दात घासून तसंच मेसमध्ये जायचं, अंघोळ नंतर. (नाहीतरी नऊच्या लेक्चरला अंघोळ करून येणारे किती असतात, हे सरांना पहिल्या बाकावरून कळतंच.) रात्रीच्या तलफेचा बंदोबस्त सकाळी आठ वाजता करायचा असतो, हे माझं या वर्षातलं सगळ्यात महत्त्वाचं शिक्षण.

दुसरी, पाच वाजताची सोय आधीच करून ठेवायची. बॅगेत फुटाणे आणि शेंगदाण्याचा डबा. प्रॅक्टिकल संपलं की आधी दोन मुठी खायच्या आणि मग टपरीवर जायचं. टपरीवर जायचं नाही असं नाही, कारण तिथे आपण वड्यासाठी कमी आणि गप्पांसाठी जास्त जातो. पण पोटात काही असलं की दोनाचा एक होतो आणि कधीकधी नुसत्या चहावर भागतं. गुळाचा खडाही ठेवतो, पण गूळ म्हणजे औषध समजू नका. शेवटी तीही साखरच.

तिसरी, पाकिटं रूममध्ये ठेवायची नाहीत. कपाटात चिप्स असतील तर मी ते खाणार. यात विचार करण्यासारखं काही नाही, मला मी माहीत आहे. पण तेच आणायला तीन मजले उतरून, वॉचमन काकांना "कुठे निघाला?" याचं उत्तर देऊन जावं लागत असेल, तर दहातल्या सहा वेळा मी जात नाही. तलफ ही लाटेसारखी असते. माझी साधारण वीस मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ गच्चीवर फोन घेऊन घरी बोललं तरी चालतं. आईलाही बरं वाटतं.

चौथी, शनिवार. शनिवारी संध्याकाळी जे वाटेल ते खायचं, पण बसून, मित्रांबरोबर, मोबाइल बाजूला ठेवून. मिसळ म्हणा, भुर्जी म्हणा, पिझ्झा म्हणा. आठवडाभर "शनिवारी खाऊ" असं म्हणणं सोपं जातं, "आयुष्यात कधीच नाही" म्हणणं जात नाही. फक्त कोल्ड्रिंक मात्र मी सोडलं. ३०० मिलीच्या बाटलीत ३० ग्रॅमच्या वर साखर असते, म्हणजे सुमारे सहा चमचे. आपल्या मेसच्या चहात काकांनी सहा चमचे साखर घातली असती तर आपण मोर्चा काढला असता!

एवढं करूनही रात्री साडेअकराची भूक उरतेच. कारण ती तलफ नाही, ती खरी भूक आहे. आठला जेवून दोनपर्यंत जागणाऱ्या विशीतल्या पोराला मध्ये भूक लागणारच. तिला मारायचं का? तिला खायला द्यायचं. पण काय द्यायचं, हा प्रश्न एकट्याच्या निश्चयाने सुटत नाही. तिथे व्यवस्था लागते.

म्हणून आम्ही सहा-सात जण मेसच्या काकांकडे गेलो. म्हटलं, रात्री साडेदहा ते साडेअकरा एक खिडकी उघडी ठेवा. उकडलेली अंडी, मटकीची उसळ, केळी, दूध. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पोरांनो, तुम्ही मागता सगळं, खात काही नाही. उसळ उरली तर तिचं मी काय करू? सकाळी तुमच्याच पोह्यात घालू?"

काकांचा मुद्दा रास्त होता. त्यांना महिन्याच्या शेवटी हिशोब लागतो. मग तोडगा निघाला. मेसच्या फळ्यावर रोज एक कागद लावायचा. ज्याला पाहिजे त्याने संध्याकाळी सहाच्या आत नाव लिहून पैसे द्यायचे. जेवढी नावं तेवढाच माल. रेक्टर सरांनी परवानगी दिली, मुलींच्या हॉस्टेलला डबा पोचवायची व्यवस्था मॅडमनी केली आणि गणपतीनंतर दिवाळीच्या सुट्टीपर्यंत सहा आठवडे ही खिडकी चालली.

यशोगाथा सांगत नाही, जे झालं ते सांगतो. पहिल्या आठवड्यात नवलाई म्हणून साठ-साठ नावं होती. तिसऱ्या आठवड्यापर्यंत ती तीस-पस्तीसवर आली आणि मग चाळिशीच्या आसपास टिकली. अंडी रोज संपायची. उसळ तीनदा उरली, कारण नाव लिहून लोक आलेच नाहीत. (पैसे दिले म्हणजे आपली जबाबदारी संपली असं नसतं, मित्रांनो. काकांनी ती शिजवलेली असते.) मुलींच्या हॉस्टेलमधली नावं शेवटपर्यंत कमी झाली नाहीत. ओरल्सच्या आठवड्यात मॅगीचा वास सगळ्या मजल्यांवर परत आला, माझ्याही रूममधून आला, तेही कबूल करतो. आणि दिवाळीनंतर खिडकी बंद झाली, कारण रात्री थांबणारा मुलगा गावी गेला तो परत आला नाही, आणि साडेअकराला भांडी कोण घासणार आणि कुलूप कोण लावणार, यावर गाडी अडली.

तेव्हा इथे मला स्टाफला नम्रपणे काही सांगायचं आहे. पुढच्या टर्मच्या सुरुवातीला हॉस्टेल कमिटीची मीटिंग आहे आणि ही खिडकी पुन्हा सुरू करायची का, हा विषय तिच्यासमोर येणार आहे. सर, मॅडम, "मुलं बाहेरचं खातात" ही तक्रार आम्ही पालकसभेत दरवर्षी ऐकतो. पण आतलं मिळण्याची वेळ साडेआठला संपते, याकडेही बघावं. एका माणसाचा दीड तासाचा पगार आणि एक कुलूप, एवढाच हा प्रश्न आहे. ते जमत नसेल तर निदान रात्रीचं जेवण साडेनऊपर्यंत चालू ठेवावं. लायब्ररी आणि जिम सुटून येणाऱ्या मुलांना थंड भात आणि तळाशी गेलेलं वरण मिळतं, म्हणून ती तशीच गेटबाहेर वळतात. आणि सबमिशनची मुदत रात्री ११.५९ ठेवण्याऐवजी संध्याकाळी पाचची ठेवली, तर अर्धं हॉस्टेल बारा वाजता झोपेल. आमच्या तब्येतीसाठी तेवढं एक कराच!

आणि मित्रांनो, तुम्हालाही. "चार वर्षांचाच तर प्रश्न आहे, नंतर घरचंच खायचंय" असं माझा रूममेट अजून म्हणतो. मला ते पटत नाही. चार वर्षांनी नोकरी लागेल ती कुठे? पुण्याला, हिंजवडीला, बेंगळुरूला. तिथे फ्लॅटवर तीन मित्र, हातात पगार आणि मोबाइलवर सगळी हॉटेलं. साडेअकराची भूक तिथेही असणार. फक्त काका नसणार, आणि नाव लिहायला फळा नसणार. सवय लागायची ती इथेच लागते.

यंदाच्या शिबिरात मी परत गेलो होतो. हिमोग्लोबिन १३.४. त्यात डॉक्टरांच्या गोळ्यांचा मोठा वाटा आहे, सगळं श्रेय फुटाण्यांना देत नाही. वजन ८१ चं ७७ झालंय. रक्त दिलं. त्याच ताई होत्या, पण त्यांनी मला ओळखलं नाही. नंतर कॉफी आणि बिस्किटाचा पुडा दिला. तो मी तिथेच बसून संपवला, अजिबात अपराधी न वाटता!

तर आता मीटिंगमध्ये काय ठरतं ते बघू. ठरलं, तर फळ्यावर कागद लागेल. सहाच्या आत नाव लिहा, आणि लिहिलं तर या. अंडी लवकर संपतात.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी